दिवा मालवणारा खटका

टेबलावर हा जो गोल, पितळी टोपीचा खटका ठेवलाय, तो पन्नाशी उलटलेल्यांपैकी बहुतेकांनी कधीतरी दाबलेला असेल. चाळीच्या जिन्यात, वाड्याच्या पडवीत, शाळेच्या व्हरांड्यात. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला, दांडी खाली केली की दिवा लागणार, वर केली की जाणार. तो कसा दिसायचा ते कुणी विसरलं असेल, पण त्याचा आवाज विसरत नाही. टक्. या आवाजात एक दुरुस्ती दडलेली आहे. तिचं साल 1884, गाव इंग्लंडमधलं न्यूकॅसल.

खटका दिवा लावायला असतो असं आपण धरून चालतो. लावायला काय, दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवली तरी भागतं. खटका खरा लागतो तो मालवायला. सगळी मेख वीज तोडण्यात आहे.

न्यूकॅसलजवळ नॉर्थम्बरलँडमध्ये क्रॅगसाइड नावाचं घर आहे. विल्यम आर्मस्ट्राँग या कारखानदाराचं. 1880 मध्ये तिथे जोसेफ स्वान या इंग्रज संशोधकाचे नवे विजेचे दिवे बसले. ग्रंथालयातले काही दिवे मीनाकारी केलेल्या तांब्याच्या फुलदाण्यांवर होते. एक तार फुलदाणीच्या आतून दिव्यापर्यंत गेलेली, आणि परतीची वाट म्हणजे फुलदाणीचं तांबंच. तिचं बूड पाऱ्याच्या छोट्या ताटलीत टेकलेलं. दिवा मालवायचा तर फुलदाणी उचलायची, लावायचा तर परत ठेवायची. आज ऐकायला गंमत वाटते, पण तेव्हा घरात वीज तोडायची कशी याचं ठरलेलं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पाऱ्याची एक सोय मात्र नाकारता येत नाही. तो पातळ, त्यामुळे स्पर्श नेहमी पुरा आणि पृष्ठभाग खड्डे पडून कायमचा खराब होत नाही. पण तुटताना ठिणगी पडली की पाऱ्याची वाफ होते, आणि ती विषारी. उघडी ताटली घरभर मांडून ठेवायची ही वस्तू नव्हे.

दोन वर्षांत चित्र पालटलं. 4 सप्टेंबर 1882 ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं, 110 व्होल्ट, एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी. त्याच साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. वीज आता प्रयोगशाळेतून आणि हौशी श्रीमंतांच्या घरातून बाहेर पडली होती, आणि तिचा खटका आता कुणीही फिरवणार होता.

हे ‘कुणीही’ कोण, तर आजवर गॅसचे दिवे वापरणारी माणसं. सुरुवातीच्या चाव्याही गॅसच्या तोटीसारख्याच केलेल्या. बोटाच्या पेराएवढी चावी, चिमटीत धरून फिरवायची. एडिसनचे दिवे असलेल्या हॉटेलांत पाटी लावावी लागे की काडी ओढून हा दिवा पेटवू नका, दाराजवळच्या भिंतीवरची चावी फिरवा. गॅसची तोटी हळूहळू फिरवतात, ज्योत बारीक करतात, अर्ध्यावर ठेवतात. सवय अगदी योग्य, फक्त गॅसपुरती. विजेच्या चावीशी तसं वागलं की ती जळते.

का जळते ते जरा सावकाश पाहू. दोन पितळी पट्ट्या एकमेकींवर टेकल्यात, त्यांतून प्रवाह चाललाय. तुम्ही त्या हळू अलग करताय. आधी दाब कमी होतो, मग स्पर्शाची जागा कमी होत होत शेवटी सुईच्या टोकाएवढी उरते. सगळा प्रवाह त्या टोकातून जायचा, म्हणून ते तापतं, वितळतं, आणि क्षणभर वितळलेल्या धातूचा एक तंतू दोघींमध्ये राहतो. तो तुटला की तिथली धातूची वाफ आणि तापलेली हवाच वीज वाहून नेऊ लागते. हा आर्क. त्याचं तापमान हजारो अंशांत असतं. तांबं 1085 अंश सेल्सियसला वितळतं, आणि पितळेतलं जस्त तर 907 अंशांना उकळतं. म्हणून जुन्या जळक्या खटक्यात पितळ लालसर, खडबडीत झालेलं दिसतं. जस्त उडून गेलेलं असतं, तांबं मागे राहिलेलं.

आर्क टिकायला किमान काही व्होल्ट आणि किमान काही प्रवाह लागतो. तांब्याच्या टोकांना साधारण 13 व्होल्ट आणि 0.4 अँपिअर. त्याखाली ठिणगी पडेल, पण ज्वाला धरणार नाही. म्हणून टेलिग्राफवाल्यांना ही अडचण एवढी जाणवली नव्हती, त्यांचे प्रवाह मिलिअँपिअरमध्ये. एडिसनचा 16 मेणबत्त्यांइतका उजेड देणारा कार्बन तंतूचा दिवा मात्र 110 व्होल्टवर अर्धा ते पाऊण अँपिअर घ्यायचा. म्हणजे एकुलता एक दिवासुद्धा उंबरठा ओलांडून बसलेला. दिवाणखान्यातले वीस दिवे एका चावीवर घेतले की दहा-पंधरा अँपिअर, आणि चावी हळू फिरवली की दोन पट्ट्यांमध्ये चक्क निळसर ज्वाला. रस्त्यावरच्या आर्क दिव्यांत दोन कार्बन कांड्यांमध्ये, काही मिलिमीटर अंतरात, पन्नासेक व्होल्टवर हीच ज्वाला मुद्दाम धरून ठेवायचे. तिथे ती धंद्याची, इथे ती घर पेटवणारी.

लंडनच्या टेलिग्राफ अभियंत्यांच्या सोसायटीने 1882 मध्ये विजेच्या दिव्यांपासून आग लागू नये म्हणून नियम काढले. त्यात खटक्याबद्दलही लिहिलंय. खटका हलवून सोडून दिला की त्यात कायमचा आर्क राहता कामा नये, तो तापता कामा नये, आणि त्याची बैठक पाटीचा दगड, भाजलेली माती अशा न जळणाऱ्या वस्तूची हवी. ‘सोडून दिला की’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. नियम लिहिणाऱ्यांनी दुखणं नेमकं ओळखलं होतं, अर्ध्यावर सोडलेला हात. उपाय मात्र त्यांनी सांगितला नव्हता.

उपाय दोन वर्षांनी न्यूकॅसलच्या शील्डफील्ड भागात निघाला. जॉन हेन्री होम्सने 1884 मध्ये झटक्याने तुटणारा खटका केला. त्याच साली टाईन नदीपलीकडे गेट्सहेडला चार्ल्स पार्सन्सने मिनिटाला 18,000 फेरे घेणारी वाफेची टर्बाइन केली. एका काठावर वीज करायची सोय, दुसऱ्यावर तोडायची. पार्सन्सचं नाव पाठ्यपुस्तकात गेलं, होम्सचं फारसं कुठे नाही.

होम्सचा विचार असा, की तोडण्याचा वेग माणसाच्या हाताकडे ठेवायचाच नाही. हाताने फक्त स्प्रिंग ताणायची. तोडणार स्प्रिंग.

आता या खटक्याची टोपी काढतो. हा होम्सच्या हातचा नव्हे, त्याच घराण्यातला पुढचा, आपल्याकडे घरोघरी होता तो 5 अँपिअरचा. टोपी आट्यांवर फिरते. खाली चिनी मातीची बैठक. तिच्यावर समोरासमोर पितळी पात्यांच्या दोन जोड्या, चिमट्यासारख्या. प्रत्येक जोडीला मागून एक तार, एक मेनकडून आलेली, दुसरी दिव्याकडे जाणारी. दोन चिमट्यांना जोडणारा हा पितळी पूल. तो दांडीला थेट जोडलेला नाही, मध्ये स्प्रिंग आहे. दांडी मी हळूहळू वर नेतो. बघा, दांडी निम्मी सरकली तरी पूल जागचा हललेला नाही. चिमट्यांनी तो धरून ठेवलाय आणि स्प्रिंग दबत चाललीय. दांडी मधली रेघ ओलांडते, स्प्रिंगचा रोख उलटतो, आणि पूल दोन्ही चिमट्यांतून एकदम सुटतो. टक्. मी कितीही हळू दाबलं तरी शेवटची उडी त्याच वेगाची.

पूल दोन ठिकाणी सुटतो हेही ध्यानात घ्या. एका मार्गात एकाच वेळी दोन फटी, म्हणजे आर्कला दोन तुकड्यांत जगावं लागतं आणि प्रत्येकाला निम्मेच व्होल्ट मिळतात.

वेगाचा अंदाज घ्यायचा तर समजा हात सेकंदाला दोन सेंटिमीटर सरकतो. तीन मिलिमीटर फट पडायला 150 मिलिसेकंद लागतील, आणि तेवढा वेळ आर्क पितळ खात बसेल. स्प्रिंगने पूल सेकंदाला एक मीटर वेगाने गेला तर तीच फट तीन मिलिसेकंदांत. ज्वाला लांबली की तिला जास्त व्होल्ट लागतात, पुरवठ्याकडे तेवढे नसतात, ती मरते. पन्नासपट कमी वेळात मेली तर धातूचं नुकसानही त्याच हिशेबात घटतं.

मोठ्या प्रवाहांसाठी पाटीच्या दगडावर सुरीसारख्या पात्याचे खटके असत. त्यांतही हीच युक्ती वेगळ्या रूपात आली. मुख्य पात्याला स्प्रिंगने बांधलेलं एक छोटं पातं. मूठ ओढली की मुख्य पातं आधी सुटतं, छोटं अजून चिमट्यात अडकून. स्प्रिंग पुरेशी ताणली की ते फटकन निघतं. आर्क पडतो तो या छोट्यावर, आणि ते जळलं तर तेवढंच बदलायचं. मात्र हा खटका तोडतो झटक्याने, जोडतो तो हाताच्याच वेगाने. जोडताना कचरलात तर ठिणगी पडणारच. बसवताना मूठ वर केली की चालू, अशी बसवायची, म्हणजे बिजागरी सैल पडली तर पातं स्वतःच्या वजनाने उघडेल, मिटणार नाही.

आता बिघाड. टम्बलर खटका, म्हणजे हाच पितळी टोपीचा, बहुधा स्प्रिंगपायी मरत नाही, चिमट्यापायी मरतो. पात्यांचा दाब कमी झाला की स्पर्शाचा रोध वाढतो. समजा तो एक दशांश ओहम झाला. 5 अँपिअरला अडीच वॉट उष्णता, टोपीखाली कोंडलेली. तिने पितळ नरम पडतं, दाब आणखी कमी होतो, रोध आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. खूण अशी, की टोपी कोमट लागते आणि तारेचं रबर खटक्याजवळ ठिसूळ होतं. मेन बंद करून पाती पकडीने किंचित आत वाकवली तर काही दिवस निभावतं, पण नरम पडलेलं पितळ पुन्हा ताठ होत नाही. खटका बदलणंच बरं.

काळं पडलेलं पितळ घासायला एमरी कापड नको. त्याचे कठीण कण नरम धातूत रुततात आणि स्पर्श बिघडतो. बारीक कानस किंवा साधा काचकागद पुरे. तेल तर मुळीच नको. ‘कुरकुर करतो म्हणून दोन थेंब सोडले’ हे फार ऐकायला मिळतं. तेल आर्कमध्ये जळतं, कोळसा होतो, आणि चिनी मातीवर त्याची वाट पडली की बंद खटक्यातूनही वीज झिरपते.

तारेचं टोक स्क्रूखाली घालताना ते दुहेरी वळवायचं. एकेरी बारीक तार स्क्रूखालून निसटते, तांबं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा सैल होतो. खटका फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेत हवा. न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत टाकला तरी दिवा लागेल-जाईल, कुणाला कळणार नाही, पण बंद दिव्याच्या होल्डरमध्ये फेज तशीच राहील आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसेल. पितळी टोपीच्या आत इन्सुलेशनचं अस्तर असतं. ते झडलेलं असेल आणि आतली एखादी तार सुटली तर टोपीलाच वीज येते. पुढे बॅकेलाइट या जुन्या प्लास्टिकच्या टोप्या आल्या आणि हा धोका टळला. दिसायला पितळच छान, हे मान्य.

एसी वीज, म्हणजे दिशा सतत उलटत राहणारा प्रवाह, आल्यावर खटक्याचं काम हलकं झालं. 50 हर्ट्‌झला प्रवाह दर दहा मिलिसेकंदांनी शून्यावर येतो, तिथे आर्क आपोआप दम टाकतो. आजची घरातली बटणं लहान, हलकी, कमी फटीची असूनही चालतात ती यामुळे. उलट टंगस्टन तंतूचे दिवे आल्यावर जोडणं अवघड झालं. कार्बनचा तंतू थंड असताना रोध जास्त दाखवायचा, साधारण दुप्पट, म्हणजे सुरुवात सौम्य. टंगस्टनचं उलटं. थंड तंतू पहिल्या क्षणी दहापट किंवा त्याहून जास्त प्रवाह खेचतो. म्हणून जोडतानाही झटका हवा, आणि टेकल्यावर पातं उडता कामा नये.

शेवटी श्रोत्यांमधून एक प्रश्न आला: छपरावर सौर पॅनल बसवलेत, त्यांच्या डीसी तारेवर घरातला साधा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, लावला तर काय बिघडतं?

बिघडतं ते 1882 मध्ये बिघडायचं तेच, फक्त व्होल्ट जास्त. दहा पॅनल मालिकेत जोडली की 400 व्होल्टच्या आसपास डीसी. त्यात शून्य येतच नाही. एसीसाठी केलेला खटका भार चालू असताना उघडला तर आर्क फटीत तसाच जळत राहतो आणि डबी वितळवतो. ऊन आहे तोवर पॅनल वीज देणारच, मागून बंद करायला मेन नाही. म्हणून खटक्यावर डीसीची खूण आणि आपल्या मालिकेपेक्षा जास्त व्होल्टेज छापलेलं असल्याशिवाय तो घेऊ नका. डीसीच्या काही एमसीबींत आर्कला विझवण्याच्या कप्प्यात ढकलायला लोहचुंबक असतो. त्यांवर अधिक-उणे छापलेलं असतं. तारा उलट जोडल्या तर तोच चुंबक आर्कला कप्प्याबाहेर ढकलतो. आणि खटका हातात घेतला की दांडी अगदी सावकाश दाबून पाहा. ती मध्यावर थांबली आणि आतले कॉन्टॅक्टही तिच्यासोबत मध्यावर थांबले, तर तो खटका दुकानातच परत ठेवा.