रात्री दोनला पिल्लू उठतं तेव्हा

(ठाण्यात कोलशेत रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, कुत्र्याच्या पिल्लाच्या रात्रीच्या झोपेवर रविवारी संध्याकाळी केलेलं बोलणं, थोडंसं आवरून लिहिलेलं.)

नमस्कार मंडळी. मागच्यांना ऐकू येतंय ना? माईकपेक्षा त्या लॅब्राडोरच्या पिल्लाचाच आवाज मोठा आहे, पण असू दे, आजचा प्रमुख पाहुणा तोच.

आधीच सांगून टाकते, मी व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर, नाही आणि ट्रेनर पण नाही. मी शाळेत सायन्स शिकवते, वर्तकनगरला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि गेली अकरा वर्षं रस्त्यावरची पिल्लं घर मिळेपर्यंत आमच्या हॉलमध्ये सांभाळते. तीसेक तरी होऊन गेली असतील. म्हणजे रात्री झोप न होण्यात माझा अनुभव दांडगा आहे एवढं नक्की.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ताई, हे रात्रभर झोपायला कधी लागणार? आता गंमत बघा, पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. त्याला झोप शिकवायची गरजच नाही, त्यात ते आपल्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे. आणि दुसरं म्हणजे रात्रभर सलग असं कुठलंच कुत्रं झोपत नाही, मोठं सुद्धा. कुत्र्यांच्या रात्रीच्या झोपेवरचा एक अभ्यास १९९३ साली छापून आला होता, त्यात सरासरी निघाली १६ मिनिटं झोप, मग ५ मिनिटं जाग, परत झोप, असं रात्रभर. तुमच्या शेजारच्यांचं शहाणं म्हातारं कुत्रं पण रात्रीत वीस-पंचवीस वेळा डोळे उघडतं, फक्त ते उघडतं, कान हलवतं, कूस बदलतं आणि परत झोपतं, म्हणून कोणाला कळत नाही. पिल्लाला एवढंच शिकायचंय, की जाग आली तर करायचं काय. आणि ते आपण त्याला शिकवत असतोच, बहुतेक वेळा चुकीचं.

माझंच सांगते. आमचा बट्या, म्हणजे पूर्ण नाव बटाटा, जुलैच्या धो धो पावसात कासारवडवलीला एका बंद टेम्पोखाली सापडला. दात बघून व्हेट म्हणाले सात-आठ आठवड्यांचा असेल. मला तेव्हा काही कळत नव्हतं, सगळ्यांनी सांगितलं बाथरूममध्ये ठेव, रडेल दोन दिवस, मग गप होईल. पहिल्या रात्री तो जो रडला ना, खालच्या मजल्यावरच्या काकू गाऊनवर वर आल्या, त्यांना वाटलं घरात कोणाला काही झालं. मी दहा मिनिटांनी दार उघडलं. दुसऱ्या रात्री म्हटलं आज उघडायचं नाही, तर पंचवीस मिनिटं टिकले. तिसऱ्या रात्री चाळीस मिनिटं. चौथ्या रात्री बाबा उठले, त्यांनी त्याला बाहेर काढून दूध-पोळी घातली, अंगावर घेतलं, टीव्ही लावला, दोघांनी बघितला.

झालं काय, की बट्या चार रात्रींत शिकला, रडलं की कधीतरी दार उघडतं. लगेच नाही, पण उघडतं. बसस्टॉपवर आपण उभे असतो ना, कधी पाच मिनिटांत बस येते कधी चाळीस, त्यामुळे आपण हलत नाही, उलट जितका वेळ उभे राहिलो तितकं वाटतं आता येईलच. बक्षीस कधी मिळतं कधी नाही असं असलं की सवय जास्त घट्ट बसते, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर आणि कबुतरांवर प्रयोग करून दाखवलेलं, मी ते वर्गात शिकवते, आणि घरी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून स्वतःच करत होते.

बरं, मग रडू द्यायचंच नाही का, की रडूच द्यायचं? इथे माझं मत स्पष्ट आहे. एकटं कोंडून ठेवू नका. आईच्या आणि भावंडांच्या ढिगाऱ्यात झोपणारं पिल्लू, एका रात्रीत थंड टाइलवर एकटं. ते हट्ट करत नाहीये, ते हाका मारतंय, कारण त्या वयात कळपापासून सुटलं तर जीवच जातो. त्यात आपल्याकडे ३५-४० दिवसांची पिल्लं सर्रास विकतात. कुत्र्यांच्या विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, पण छोटं दिसलं की गोड दिसतं आणि लवकर खपतं, असं सगळं चालू असतं. पिल्लू जितकं लवकर आईपासून तोडलेलं तितक्या तुमच्या रात्री अवघड, हे हिशोबात धरा.

तर खोकं आणा. फळवाल्याकडे सफरचंदाचं मोठं पुठ्ठ्याचं खोकं मिळतं, नाहीतर क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, असेल तर तो, आणि ते तुमच्या बेडला चिकटून ठेवा, हात खाली सोडला तर त्याच्या पाठीला लागेल इतकं जवळ. जाग आली, वास आला, हात लागला, झोपलं. आठ-दहा दिवस असे शांत गेले की मग खोकं रोज वीतभर सरकवा, दाराकडे, पॅसेजमध्ये, जिथे शेवटी झोपवायचंय तिथे. घाई केली आणि परत रडायला लागलं तर दोन वीत मागे या, त्यात कमीपणा नाही.

खोक्यात काय घालायचं यावर एक सांगते. आमच्या आईने तिच्या जुन्या नऊवारीची गोधडी घातली, किती प्रेमाने, आणि मे महिन्यात एक पिल्लू त्या गोधडीवर रात्रभर कुरकुरत होतं, मला वाटलं शू, मला वाटलं भूक, तिसऱ्या रात्री गोधडी काढली तर उघड्या लादीवर पाय पसरून गपगार झोपलं. त्याला उकडत होतं हो! आपल्याकडची दमट हवा आणि कुत्र्याला घाम फक्त पंज्यांना, तेव्हा अर्ध्या भागात कापड आणि अर्धा भाग मोकळा ठेवा, त्याचं ते ठरवेल. त्याच कारणाने रात्री पाणी तोडू नका. झोपायच्या तासभर आधी वाटी उचलली तर चालतं, पण एप्रिल-मेमध्ये ते पण नको.

आता शू. ढोबळ हिशोब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवायचा, तितके तास ते धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांचं तीन तास. झोपेत थोडं जास्त. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाने अकरा ते सहा झोपावं ही अपेक्षा म्हणजे पहिलीतल्या मुलाला बोर्डाला बसवण्यासारखं आहे. चार महिन्यांच्या आसपास बरीचशी पिल्लं सहा-सात तास काढतात.

तोपर्यंत अलार्म. हे मात्र नीट ऐका, कारण सगळं इथे आहे. पिल्लू दीडला उठून रडत असेल तर तुम्ही सव्वाला अलार्म लावा. ते रडायच्या आधी तुम्ही उठवायचं. म्हणजे रडणं आणि तुमचं येणं याची गाठच पडत नाही. उचला, न्या, शू झाली की हळू आवाजात शाब्बास, परत खोक्यात. मोठा दिवा नाही, गप्पा नाहीत, अले अले माझं शोनू नाही, मोबाइलवर फोटो नाही. रात्री दोनला तुम्ही जगातला सगळ्यात कंटाळवाणा माणूस व्हायचं. पिल्लाला वाटलं पाहिजे, हा उठतो, पण याच्यात काही मजा नाही बुवा. दोन-तीन रात्री कोरड्या गेल्या की अलार्म पंधरा मिनिटं पुढे. असं सरकत सरकत तो पहाटेला जाऊन मिळतो आणि मग लागतच नाही.

न्यायचं कुठे, तर लसीकरण पूर्ण नसेल तर खाली अजिबात नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार, त्याचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात आणि लसीचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालू असतात, तोवर कंपाउंडमधली झाडं, बाकीची कुत्री बसतात तो कोपरा, काही नको. बाल्कनीत ट्रे, त्यात पेपर किंवा पॅड. लादीवर झालीच तर अमोनियाच्या वासाच्या कशानेही पुसू नका, लघवीला तोच वास असतो, त्याला वाटतं इथेच करायची असते. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते आणा.

आणि दिवस सांभाळा. दिवसभर झोपू दिलं नाही की रात्री मेल्यासारखं झोपेल, असं घरोघरी समजतात, आणि मग रात्री नऊला ते पिल्लू सोफ्यावरून उड्या मारतं, पायाला चावतं, पडदे ओढतं, लोक म्हणतात एनर्जी फार आहे. एनर्जी कसली, जागरणाने किरकिर लागलीय, आपली पोरं लग्नात रात्री अकराला करतात तशी. तासभर खेळलं की झोपवा, मुलांना बाजूला करा. संध्याकाळी सातला जेवण, नंतर खेळ, मग चावायला काहीतरी देऊन शांत बसवणं, अकराला शेवटची शू.

घोडबंदरचे ट्रक, खालच्या कुत्र्यांचं भुंकणं, वॉचमनची शिट्टी याची काळजी करू नका, महिन्याभरात सवय होते. येऊरच्या जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांनी मात्र रात्री शूसाठी कुत्रं एकटं बाहेर सोडू नये, तिथे बिबट्या येतो, हे काही मी घाबरवायला सांगत नाहीये.

एक डॉक्टरकीची गोष्ट. नीट झोपायला लागलेलं पिल्लू अचानक चार-चार वेळा उठून थेंब थेंब शू करायला लागलं तर ते नाटक नसतं, इन्फेक्शन असू शकतं, व्हेटकडे न्या. उलट्या-जुलाब असतील आणि लस झाली नसेल तर सकाळची वाट पण बघू नका. आणि झोप यावी म्हणून आपल्या डब्यातली कुठलीही गोळी, अर्धी सुद्धा, द्यायची नाही.

हां, विचारा. बेडवर घेतलं तर चालेल का? बेड तुमचा आहे, घ्या की. फक्त आज ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. सोमवारी वर, मंगळवारी खाली, पाहुणे आले की बाल्कनीत, असं केलंत तर त्याने रडू नये तर काय करावं?

आणि ह्या काकूंचा प्रश्न, की रात्र छान जाते पण पाचला उठून बसतो. आमच्याकडे अगदी हेच होतं. बाबा पाचला उठतात, चहा ठेवतात, आणि चहात बुडवलेलं अर्धं बिस्कीट बट्याला. मग बट्या पावणेपाचलाच तयार. मी बाबांना म्हटलं, बिस्कीट द्यायचंच असेल तर तुमचा चहा झाल्यावर अर्ध्या तासाने द्या, मग दर आठवड्याला थोडं पुढे ढकला. बाबा आधी रागावले, म्हणाले मला या वयात ट्रेनिंग देतेस, पण केलं त्यांनी. बट्या आता सव्वासहाला उठतो. बाबा पाचलाच उठतात, दिवा न लावता बसतात, आणि कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून चहा स्टीलच्या पेल्यातून पितात.