पासबुकातली एक ओळ आणि देशाचा हिशेब

गोव्यातल्या डिचोली बाजारातल्या एका बँकेत सकाळी पासबुक भरून घेण्यासाठी रांग लागली आहे. रांगेतल्या एक आजी, यंत्रातून पान बाहेर येताच, त्यावर एकच ओळ शोधतात : राज्य सरकारच्या मानधनाचे, म्हणजे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, 2000 रुपये जमा झाले की नाही. त्यांच्या मागे सरकारी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका उभ्या आहेत आणि त्यांचा पगारही याच शाखेत येतो. दोन्ही रकमा सरकारी तिजोरीतून आल्या आहेत, दोन्ही अर्थसंकल्पात खर्च म्हणूनच मांडल्या आहेत, तरीही देशाचे उत्पादन मोजताना या दोहोंना वेगवेगळी वागणूक मिळते.

सरकारी शाळेतले शिकवणे बाजारात विकले जात नाही, त्यामुळे त्यावर जो खर्च होतो तेच त्याचे मूल्य धरतात आणि शिक्षिकेचा पगार सकल देशांतर्गत उत्पादनात, म्हणजे जीडीपीत, थेट मोजला जातो. आजींचे 2000 रुपये तसे मोजले जात नाहीत, कारण त्यांच्या बदल्यात कोणतीही नवी वस्तू किंवा सेवा निर्माण झालेली नसते. कराच्या रूपाने एकाकडून आलेला पैसा फक्त दुसऱ्याच्या खात्यात गेलेला असतो. आजींनी त्यातून बांगडे विकत घेतले की ती खरेदी हिशेबात येते, पण कुटुंबांचा उपभोग म्हणून.

सरकारी खर्च जीडीपीच्या किती टक्के आहे, हे सांगताना मात्र वरच्या आकड्यात पगार, पूल, रस्ते, निवृत्तिवेतन, अनुदाने आणि कर्जावरचे व्याज असे सगळेच धरलेले असते. म्हणजे या अपूर्णांकातला अंश हा छेदाचाच एखादा तुकडा नसतो. फ्रान्समध्ये हे प्रमाण सुमारे 57 टक्के आहे, आणि ते वाचून निम्म्याहून अधिक अर्थव्यवस्था सरकारच चालवते असे अनेक जण बोलून जातात. हे चूक आहे. तिथल्या खर्चाचा फार मोठा भाग निवृत्तिवेतन आणि इतर सामाजिक लाभांच्या रूपाने लोकांच्या खात्यात जातो आणि तो पैसा कशावर खर्चायचा हे लोकच ठरवतात.

छेदाचा, म्हणजे उत्पादनाच्या आकड्याचा, प्रश्न गोव्याने स्वतः अनुभवला आहे. 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभे राहिले, मांडवीतून जाणाऱ्या बार्ज थांबल्या आणि राज्याचे उत्पादन घटले. शिक्षकांचे पगार आणि आजींसारख्यांचे मानधन मात्र चालूच होते. अशा वेळी सरकारने एक रुपयाही जास्त खर्च केला नाही तरी खर्चाचे प्रमाण वाढलेले दिसते. याच छेदात आणखी एक उणीव आहे : परदेशी जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या तारवटींची कमाई गावातले घर उभे करते, पण राज्याच्या उत्पादनात ती धरली जात नाही.

खर्च कोणत्या सरकारचा, हेही आधी ठरवावे लागते. केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था यांच्या खर्चाची नुसती बेरीज केली, तर केंद्राने राज्यांना दिलेला निधी दोनदा मोजला जातो, म्हणून तो वजा करावा लागतो.

आता फक्त केंद्र सरकारचा खर्च पाहू. 2019-20 मध्ये तो सुमारे 26.9 लाख कोटी रुपये होता, म्हणजे जीडीपीच्या 13 टक्क्यांहून थोडा अधिक. 2020-21 मध्ये तो सुमारे 35.1 लाख कोटींवर, म्हणजे 17 टक्क्यांच्या पुढे गेला. महामारीने छेद आकसला होता आणि मोफत धान्याने अंश वाढवला होता, हे खरेच आहे. पण या वाढीतला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अन्न अनुदानाचा होता, आणि त्या अनुदानातला मोठा भाग जुन्या थकबाकीचा होता. आधीच्या वर्षांत केंद्राने अनुदानाची पूर्ण रक्कम न देता भारतीय अन्न महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून, म्हणजे टपाल कार्यालयांत तुमच्याआमच्यासारख्यांनी ठेवलेल्या बचतीतून, कर्ज उचलायला लावले होते. धान्य खरेदी झाले, रेशनच्या दुकानांत वाटलेही गेले, पण त्याचा पूर्ण खर्च अर्थसंकल्पात दिसला नाही. ते कर्ज फेडले गेले तेव्हा तो सारा खर्च एका वर्षाच्या नावावर पडला. त्यामुळे 2020-21 चे प्रमाण काही अंशी फुगलेले आहे, आणि त्याआधीच्या वर्षांतले, ज्यांच्या बळावर काटकसरीचे कौतुक झाले, ते प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवलेले होते.