अठरा वर्षांनंतर : मराठवाड्यातील सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांचे आरोग्य

या चित्रफितीत सुरुवातीला दिसते ती जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची ही खोली. भिंतीवर फुगे आणि मुळाक्षरे रंगवलेली आहेत, कोपऱ्यात लहान मुलांच्या मापाच्या खुर्च्या आहेत आणि उभे राहण्याचा सराव देणारी लाकडी चौकटही एखाद्या सहा-सात वर्षांच्या मुलाला पुरेल एवढीच आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने गावोगावच्या अंगणवाड्या आणि शाळांमधून मुलांची तपासणी करून त्यांना अशा केंद्रांपर्यंत आणले, हे त्याचे मोठेच काम आहे. मात्र हा कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. लातूर असो, परभणी असो की हिंगोली, एकोणिसाव्या वर्षी त्याच मुलाने कोणाकडे जायचे, याचे उत्तर बहुतेक घरांना मिळालेले नसते.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात, वाढत्या मेंदूला झालेली इजा आणि तिच्यामुळे हालचालींवर व शरीराच्या ठेवणीवर झालेला कायमचा परिणाम. लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी 1861 मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलांच्या स्नायूंचा ताठरपणा यांचा संबंध मांडला, आणि तेव्हापासून हा विषय प्रामुख्याने बालरोगांच्याच पुस्तकांत राहिला. मेंदूतील ती इजा वाढत नाही, हे खरे. परंतु ताठर स्नायूंनी वर्षानुवर्षे ओढलेले सांधे झिजतात, पाठीचा कणा वाकतो, खुब्याचा सांधा जागेवरून सरकतो, आणि ही झीज इतरांच्या साठीत दिसावी तशी यांच्या तिशी-चाळिशीतच दिसू लागते. चालताना काहींची शक्ती इतरांच्या दुपटीने-तिपटीने खर्च होते. म्हणून विशीपर्यंत काठीच्या आधाराने बाजारपेठ गाठणारा माणूस पस्तिशीत ओसरीच्या पायरीशी थांबतो. घरचे म्हणतात, आळशी झाला. तो आळस नसतो, थकवा असतो आणि पुष्कळदा न सांगितलेले दुखणेही असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चारपैकी तीन जणांना वेदना असतात, आणि चारपैकी एकाला बोलता येत नाही. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे किती दुखणी कोणाच्या कानावरच जात नसतील याची कल्पना येते.

या चित्रफितीचा मुख्य मुद्दा इथेच सांगायला हवा. प्रौढ वयात उद्भवलेली प्रत्येक नवी तक्रार जुन्याच आजाराच्या खात्यावर मांडली जाते. ‘याला तर लहानपणापासूनच आहे’ या एका वाक्यावर तपासणी संपते.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण मानेचे आहे. ज्यांच्या मानेला आणि हातांना सतत अनैच्छिक हिसके बसतात, त्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज फार लवकर होते आणि त्यातून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. असा माणूस आधी भाकरीचा तुकडा मोडू शकत असे, आता त्याच्या बोटांतून घास निसटतो. आधी चार पावले टाकत असे, आता पाय लटपटतात. लघवीवरचा ताबा सुटू लागतो. हे सर्व काही महिन्यांत घडते. दाब वेळीच ओळखला तर शस्त्रक्रियेने पुढचे नुकसान रोखता येण्याची शक्यता असते, आणि वर्ष-दोन वर्षे वाया गेली तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर आजार जन्मापासूनचा आहे हे सांगून थांबू नये; गेल्या दिवाळीला काय जमत होते आणि आज काय जमत नाही, हे सांगावे. शक्य असल्यास ते वहीत लिहून न्यावे, कारण ओपीडीच्या रांगेत तीन तास उभे राहिल्यानंतर मिळालेल्या तीन मिनिटांत सगळे आठवत नाही.

आता हा स्टीलचा तांब्या पाहा. सकाळी आठ वाजता आईने तो भरून बाजेशेजारी ठेवला आहे आणि स्वतः निंदणीला गेली आहे. दुपारचे दोन वाजले, बाहेर एप्रिलचे ऊन आहे, आणि तांब्यातले पाणी जेमतेम दोन बोटे खाली गेले आहे. “जास्त पिलं की लघवीला कोण नेणार? माय येईस्तोवर कळ काढावी लागते,” असे बाजेवरचा तिचा प्रौढ मुलगा सांगतो. मराठवाड्यातील उन्हाळा, टँकरची वाट आणि घरापासून लांब, पायऱ्या असलेले शौचालय, या सर्वांचा हिशेब त्याने स्वतःशी केलेला आहे. त्या हिशेबाची किंमत मात्र शरीर मोजते. बद्धकोष्ठता होते, लघवीत जंतुसंसर्ग होतो, मूतखडा होतो, आणि मग एके दिवशी पाय अचानक अधिकच ताठ होतात. हा ताठरपणा पाहून गोळीचा डोस वाढवला जातो. वास्तविक, ताठरपणा एकाएकी वाढला की आधी पोट साफ आहे का, लघवीला जळजळ आहे का, दात किडला आहे का, माकडहाडावर जखम आहे का, पायाचे नख मांसात रुतले आहे का, हे पाहायला हवे. ज्या दुखण्याची जाणीव शब्दांत व्यक्त होत नाही, ते स्नायूंतून व्यक्त होते. घरात एक कमोडची खुर्ची आणि पुरुषांसाठी लघवीचे भांडे आणले, तरी तांब्यातले पाणी संपू लागते.

जेवणाकडेही असेच बारकाईने पाहावे लागते. गिळण्याच्या स्नायूंवर पूर्ण ताबा नसेल, तर आमटीत कुस्करलेली मऊ भाकरी एक वेळ नीट जाते, पण चहा किंवा पाणी यांसारखे पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतात. कधी ठसका लागतो. कधी तोही लागत नाही, आणि हाच प्रकार अधिक धोक्याचा, कारण वर्षातून दोनदा-तीनदा होणाऱ्या न्यूमोनियाचे मूळ जेवणात आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. बाजेवर आडवे ठेवून भरवणे ही आपल्याकडची सर्रास सवय आहे आणि ती मोडायलाच हवी. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, लहान घास, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसलेलेच ठेवणे, एवढे तर कोणत्याही घरात करता येईल.

हाडांच्या बाबतीत एक विसंगती नोंदवावीशी वाटते. अंगणात ऊन ओतप्रोत असते, आणि आतल्या खोलीत बारा महिने बसलेल्या माणसाच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व अपुरे असते. शरीराचा भार पायांवर न पडल्याने हाडे आधीच ठिसूळ असतात. फिट्स थांबवण्यासाठीच्या काही जुन्या औषधांनी ती आणखी कमजोर होतात. कपडे बदलताना मांडीचे हाड मोडल्याची उदाहरणे डॉक्टरांना परिचित आहेत.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची तपासणी तर बहुधा राहूनच जाते. उभेच राहता येत नाही, तर वजन कसे करणार? त्यावर उपाय साधा आहे: मोंढ्यातील मोठ्या काट्यावर खुर्चीसह वजन करावे आणि खुर्चीचे वजन वजा करावे. स्त्रियांची उपेक्षा याहून अधिक. मासिक पाळीच्या तक्रारी, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी हे विषय त्यांच्या बाबतीत निघतच नाहीत, जणू ते त्यांना लागूच नाहीत. तपासणीच्या उंच टेबलावर चढता येत नाही, हे कारण तपासणी टाळण्यास पुरेसे मानले जाते. शिवाय सेरेब्रल पाल्सी असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींना बौद्धिक अक्षमता नसते, तरीही चाळिशीच्या बाईसमोर डॉक्टर तिच्या भावाला विचारतात, “हिला काय होतंय?” उदासीनता आणि चिंता या प्रौढांमध्ये अधिक आढळतात, यात नवल काहीच नाही.

दसरा झाला की बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणे चुकत नाही. ज्यांच्या घरी असा प्रौढ मुलगा किंवा मुलगी आहे, ते त्याला म्हाताऱ्या आजीच्या हवाली करतात किंवा बैलगाडीतून कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, घेऊन जातात. या पाच-सहा महिन्यांत सर्वांत मोठा धोका औषध तुटण्याचा असतो. ताठरपणासाठीचे बॅक्लोफेन एकदम बंद केले तर तीव्र आकडी, भ्रम आणि ताप येऊ शकतो; फिट्सचे औषध तुटले तर एकामागोमाग फिट्स येऊन जिवावर बेतू शकते. निघण्यापूर्वी किमान दोन महिन्यांची औषधे आणि चिठ्ठीची झेरॉक्स सोबत घ्यावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या पंचविसाव्या कलमात, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा, रुग्णालयात अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणीत प्राधान्य यांची तरतूद आहे; मोफत सेवेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा लागू असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना, वयाची अट न ठेवता, एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व फिजिओथेरपीही येते. कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढताना बहुतेक कुटुंबे एसटीची सवलत आणि निराधार अनुदान एवढ्यापुरताच विचार करतात. निरामयची चौकशीही त्याच वेळी करावी.

आणि या सगळ्याचा भार जिच्यावर आहे, ती आई आता साठीच्या पुढे आहे. साठ किलोच्या मुलाला काखेत धरून उचलल्याने तिची कंबर गेली आहे, आणि त्याच्या खांद्याचा सांधाही ढिला झाला आहे. दोघांनी मिळून मजबूत चादरीच्या साहाय्याने हलवले तर दोघांचेही अंग वाचते. त्यासाठी घरातील आणखी एका माणसाला उचलणे, भरवणे आणि औषधांच्या वेळा शिकवून ठेवाव्यात, आणि तो माणूस पुढच्या तपासणीला सोबत असावा.