दोन वर्षांच्या मुलासमोर टीव्ही लावताना

(इंदूरमधील पालक आणि आजी-आजोबांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. आज इथे आई-वडिलांइतकेच आजी-आजोबा आले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या इंदुरात, रामबागेत राहा नाहीतर सुदामानगरला, दोन-अडीच वर्षांचं मूल दिवसभर बहुतेक त्यांच्याच जवळ असतं आणि रिमोटही त्यांच्याच हाताशी असतो. त्यामुळे आजचं बोलणं थेट तुमच्याशी आहे.

बालवाडीत मला पालक सारखं विचारतात, "ताई, अमुक कार्टून दाखवलं तर चालेल का?" मी आधी एवढंच विचारते, की तुम्ही त्याचा एक तरी भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिलाय का? उत्तर बहुधा "येता-जाता पाहिलंय" असं असतं. येता-जाता पाहून या वयाच्या मुलासाठी कार्यक्रम निवडता येत नाही. एक भाग सलग बघा, आणि बघताना एकच गोष्ट शोधा: यात माझ्या मुलाला बोलायला जागा आहे का?

वयाचं आधी सांगते. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांपर्यंत पडदा नको. दूरच्या नातलगांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल झाला तर हरकत नाही. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी हीच मर्यादा सांगितली, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच, असंही म्हटलं.

हे फक्त डोळ्यांसाठी नाही. 1998 मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. शेजारच्या खोलीत खेळणं लपवलं जात होतं आणि मुलं ते टीव्हीवर पाहत होती. मग त्यांना त्या खोलीत शोधायला पाठवलं. अडीच वर्षांच्या मुलांना बहुतेक वेळा खेळणं सापडलं. दोन वर्षांची मुलं मात्र गोंधळली. पण याच वयाच्या मुलांनी तेच लपवणं खिडकीतून पाहिलं, तेव्हा त्यांना ते सापडलं. म्हणजे दोन वर्षांचं मूल पडद्याकडे टक लावून बघतं, पण तिथलं आपल्या खोलीतल्या जगाशी जोडणं त्याला अजून जड जातं. ते जोडून द्यायला शेजारी माणूस लागतो.

आता पाटीबद्दल. ओटीटीवर 'यू', 'यू/ए 7+', 'यू/ए 13+' अशा वर्गवाऱ्या दिसतात. त्या 2021 च्या नियमांनुसार आहेत. 'यू' म्हणजे सर्वांना पाहण्याजोगं, त्यात आक्षेपार्ह काही नाही. दोन वर्षांच्या मुलाला ते कळेल, झेपेल, असं ही पाटी सांगतच नाही. लहान मुलांचं म्हणून जे चॅनल आपण लावतो, त्यावरची पुष्कळ कार्टून्स आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी असतात. पाठलाग, आदळआपट, ओरडाआरडा. मोठ्या दादाला त्यात गंमत येते, आणि धाकटंही शेजारी बसून तेच बघतं. त्याचा चेहरा बघा. तोंड उघडं, पापणी हलत नाही, हातातली पोळी हातातच. आपण म्हणतो, "किती शांत बसलाय!" मला त्या शांतपणाची काळजी वाटते. त्याला आवडलेला कार्यक्रम असेल तर तो बोट दाखवतो, "आजी, माऊ!" म्हणतो, उठून नाचतो.

वेगाचं जरा सविस्तर सांगते. 2011 मध्ये चार वर्षांच्या साठ मुलांचे तीन गट केले. एका गटाने नऊ मिनिटं वेगवान कार्टून पाहिलं, ज्यात सरासरी दर अकरा सेकंदांनी पूर्ण दृश्यच बदलत होतं. दुसऱ्याने संथ कार्यक्रम पाहिला, तिथे दृश्य चौतीस सेकंदांनी बदलत होतं. तिसरा गट चित्रं काढत बसला. लगेच नंतर, धीर धरावा लागतो, सूचना लक्षात ठेवाव्या लागतात अशी कामं दिली, तर वेगवान कार्टून पाहिलेली मुलं मागे पडली. हा लगेचचा परिणाम आहे, पुढच्या आयुष्याबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही. पण जेवणाच्या ऐन आधी असलं कार्टून लावायचं का, हे ठरवायला एवढं पुरेसं आहे. घरी मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावा आणि जागा किती वेळा बदलली ते बोटांवर मोजा. कार्यक्रमाचा वेग लगेच ध्यानात येईल.

आणि बोलायला जागा. 'ब्लूज क्लूज' हा अमेरिकन कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला. त्यातला माणूस प्रश्न विचारायचा आणि खरोखर थांबायचा, मुलाला उत्तर सुचेपर्यंत. सुरुवातीला तोच भाग आठवडाभर रोज दाखवत. पाहणी केली तेव्हा दिसलं, की दिवस जातील तशी मुलं जास्त उत्तरं देत होती. म्हणून मूल "पुन्हा तेच" म्हणालं तर वैतागू नका. याउलट मोबाइलवरचे कित्येक व्हिडिओ "हा कोणता रंग?" विचारतात आणि मुलाने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

आपल्या घरांत आणखी एक आशा असते. बाहेर सगळं हिंदी, म्हणून मराठी बडबडगीतं लावून ठेवायची, म्हणजे कानावर मराठी पडेल. भावना मला कळते. मराठी टिकावी असं मलाही वाटतं. पण 2003 मधला एक प्रयोग ऐका. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलं, तेव्हा बाळांना त्या भाषेचे ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच रेकॉर्ड करून पडद्यावर दाखवलं, तर काहीच पदरात पडलं नाही. म्हणून कार्टून हिंदी असलं तरी चालेल, तुम्ही शेजारी बसून मराठीत बोला. "तो बघ हत्ती. सोंडेत पाणी भरतोय. आता कुणाला भिजवणार?" आणि संध्याकाळी आंघोळीच्या बादलीपाशी तोच हत्ती पुन्हा काढा. मूल मग स्वतःच हात लांब करून सोंड करतं.

एका आजींनी चिठ्ठी पाठवलीय: "माझी मालिका चालू असते, पण तो बघत नाही, खाली खेळत असतो. मग काय बिघडलं?" आजी, फार चांगला प्रश्न विचारलात. एक ते तीन वर्षांच्या मुलांचा 2008 मध्ये असाच अभ्यास झाला. मुलं खेळत होती आणि मागे मोठ्यांचा कार्यक्रम चालू होता. मुलांनी टीव्हीकडे क्वचितच, तेही क्षणभर पाहिलं, तरी त्यांचा खेळ तुटक झाला. तुम्हीही पाहिलं असेल. तो वाटीत चमच्याने खोटी खीर ढवळत असतो, मालिकेत सून दारात येते, धाडकन संगीत वाजतं, तो वर बघतो. परत खाली बघतो तेव्हा खीर विसरलेला असतो, चमचा टाकून दुसरीकडे निघतो. आणि आपणही त्या अर्ध्या तासात त्याच्याशी बोलत नाही, कारण आपलं लक्ष सुनेकडे असतं.

तुमची मालिका सोडू नका. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो किंवा अॅपवर मिळतो; तो झोपला की निवांत बघा. तो जागा असताना मात्र टीव्ही बंद ठेवा, आणि त्याची खीर झाली की एक वाटी तुम्हीही मागा.