चादरीची घडी आणि पाऊण किलो शेंगदाणे

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूरकरांनो, मुलांना अपूर्णांक शिकवायचे असतील तर कडक भाकरी घेऊ नका. बोट लावलं की ती मनाला येईल तशी तडकते, आणि भाग सारखे नसतील तर तो अर्धा नाही की पाव नाही. शेंगाचटणीबरोबर तिला तोड नाही, ते वेगळं. गणिताला तव्यावरची मऊ ज्वारीची भाकरी घ्या, नाहीतर सरळ अंथरुणावरची चादर.

चादर मधोमध दुमडा. अर्धी झाली. पुन्हा दुमडा, पाव झाली. तिसऱ्यांदा दुमडलीत की उलगडण्याआधी विचारा, "आता किती भाग दिसतील?" माझ्या वर्गातली बरीच मुलं "सहा" म्हणायची. दोन, चार, मग सहाच की! सांगू नका, मोजू द्या. आठ निघतात. चारापेक्षा आठ मोठे, तरी एक अष्टमांश हा एक चतुर्थांशाहून लहान, हे मग हातालाच कळतं.

शेजारी टॉवेल दुमडा. चादरीचा अर्धा आणि टॉवेलचा अर्धा सारखा का? इथे पोरं हसतात, पण कागदावर नेमकं हेच विसरतात.

खरी अडचण बेरजेत. अर्धा अधिक एक तृतीयांश. मुलगा वरचे वर, खालचे खाली मिळवून दोन पंचमांश लिहितो. ओरडू नका. एवढंच विचारा, अर्ध्यात भर घातली, तरी उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं रे? मग चौकटीच्या वहीत १२ घरांची पट्टी आखा. निम्मी घरं ६, तिसरा हिस्सा ४. रंगवली १०. १२ पैकी १०, म्हणजेच ६ पैकी ५. १२ च का घेतली? कारण १२ चे दोन आणि तीन, दोन्ही तऱ्हेने सारखे वाटे पडतात. समच्छेद, म्हणजे खालचे आकडे सारखे करणं, हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे म्हणायला लावा. औट म्हणजे साडेतीन! पाढे पाठ करायचा आग्रह नको, पण सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलांच्या कानावर पडू द्या.

आणि उद्या दुकानात त्यालाच पाठवा, पाऊण किलो शेंगदाणे आणायला. मात्र पाव किलोच्या पुड्यांमध्ये. किती पुड्या मागायच्या, ते त्याचं त्यालाच ठरवू द्या.

नमस्कार.