ड्राय रॉक: आधी भोकं, मग धुणं

तर मंडळी, रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, ड्राय रॉक (कोरडा, सच्छिद्र दगड) घेतला की बहुतेक जण आधी तो धुवायला घेतात आणि ड्रिल करायचं आठवतं शेवटी, माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. दगड रॉडने एकमेकांना जोडायची भोकं आधी पाडा, कारण ड्रिल केलं की इतकी बारीक पावडर निघते की ती दगडाच्या प्रत्येक छिद्रात जाऊन बसते, आणि धुऊन तयार केलेला दगड परत धुवावा लागतो.

हा दगड बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तसा मऊच, त्यामुळे साधा मेसनरी बिट पुरतो. पण हॅमर मोड बंद म्हणजे बंद, एका धक्क्यात छान फांदीवाला पीस दोन तुकडे होतो आणि फार जीव हळहळतो. दगड ओला करा, खाली जाड टॉवेल घाला, स्पीड कमी ठेवा, बिट सारखा बाहेर काढून पावडर साफ करा आणि पलीकडे निघायच्या आधी जोर एकदम कमी करा, नाहीतर मागच्या बाजूचा टवका उडतो. कडेच्या अगदी जवळ भोक नको. पाणी आहे म्हणून ड्रिल बॅटरीवरचं घ्या, गॉगल आणि मास्क लावा, ह्यात कंटाळा करू नका प्लीज.

रॉड अ‍ॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचा घ्या, धातूचा नको, खाऱ्या पाण्यात तो गंजणार. ६ मिमीचा रॉड असेल तर भोक ७ च्या आसपास, थोडी ढिलाई लागतेच. पण लगेच चिकटवू नका! रॉड घालून सगळी रचना कोरडीच उभी करून बघा, हलवून बघा, काचेपासून हात जाईल एवढी जागा ठेवा. टाकीत खालचे दगड वाळूवर नको, थेट तळावर बसवा आणि वाळू नंतर टाका, कारण उकरणारे मासे खालची वाळू काढतात आणि अख्खा ढीग कोसळू शकतो.

आता धुणं. ब्लीचने दगडातली मेलेली घाण जाते, अ‍ॅसिडने वरचा थर विरघळतो आणि त्यातला फॉस्फेटही बराच निघतो. अ‍ॅसिड करणार असाल तर उघड्यावर, ग्लोव्हज घालून, आणि नेहमी पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र येऊच द्यायचे नाहीत, क्लोरीन वायू निघतो आणि तो जिवावर बेततो. दोन्हीच्या मध्ये भरपूर धुणं आणि पूर्ण वाळवणं. आणि दगड उकळायचा तर विचारसुद्धा करू नका, त्यावर कधीकाळी झोअँथिड (प्रवाळासारखे जीव) असतील तर त्यांचं पॅलिटॉक्सिन नावाचं विष वाफेतून नाकात जाऊ शकतं, लोक ह्याने हॉस्पिटलमध्ये पोचलेत.

मग अंधारात खाऱ्या पाण्यात क्युअरिंग, म्हणजे दगडातला उरलेला फॉस्फेट निघेपर्यंत भिजवत ठेवणं, हीटर आणि पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) चालू. अंधार अशासाठी की उजेड मिळाला की फॉस्फेटवर शेवाळ माजतं. पाण्याची फॉस्फेट टेस्ट करत राहा, आकडा चढत असेल तर पाणी बदला, परत मोजा, ह्याला आठवडे जातात, कधी महिनेही, जाऊ द्या. आकडा स्थिर झाला की दगड वाळवून रॉड चिकटवा, जेल सुपरग्लू आणि इपॉक्सी पुट्टी दोन्ही मिळून, मग टाकीत अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया सोडा आणि थोडा अमोनिया द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसायला लागेपर्यंत मासा घ्यायला जाऊ नका.