चित्र दिसलं म्हणजे तपासणी झाली का?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यातली दुपार. मी बेळगावात पडद्यासमोर बसलेली, इंटरनेटच्या लाईनवरून दुरून तपासणी बघणारी डॉक्टर, आणि तिकडे खानापूरच्या जंगलपट्टीतली एक पहिलटकरीण सोनोग्राफीच्या टेबलावर. विसावा आठवडा. तिथली तरुण डॉक्टर बागलकोटकडची, म्हणून मी तिला कानडीत सांगत होते, "स्वल्प मेले... हंग इडरी." म्हणजे, थोडं वर, तसंच धरा. मध्येच सासूबाईंचा आवाज आला, "बाई, लेकरू दिसुलंय न्हवं?"

दिसत होतं. हात, पाय, पाठीचा कणा, सगळं. मग आम्ही हृदयावर आलो आणि तिकडे पावसाचा जोर वाढला. चित्र थांबलं नाही, आवाजही तुटला नाही. फक्त खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत, जी बारीक रेघेसारखी दिसायला हवी, तिच्या जागी राखाडी डाग पसरला.

लाईन तुटली तर सगळ्यांनाच कळतं, आपण परत जोडतो. भीती आहे ती न तुटलेल्या लाईनची. व्हिडिओ पाठवताना प्रत्येक चित्र पूर्ण जात नाही. आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच जातं. लाईन आखडली की बारकावे आधी गळतात. सोनोग्राफीचं चित्र मुळातच रवाळ असतं, आणि तो रवा अशा वेळी पहिल्यांदा पुसला जातो. त्यात गर्भातलं हृदय बोराएवढं, मिनिटाला ११० ते १६० ठोके टाकणारं. पडद्यावर हलतंय, छान वाटतंय, आणि भिंतीला भोक आहे की नाही ते मात्र दिसत नाही.

हा प्रयोग नवा नाही. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरून लंडनच्या तज्ज्ञांना गर्भाची सोनोग्राफी थेट दाखवली गेली. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलहून ब्रिस्बेनलाही दाखवत, तीही सेकंदाला ३८४ किलोबिटच्या लाईनवर. आज आपल्या खिशातला फोन त्याच्या कितीतरी पट वेगवान. पण ती लाईन बारीक असली तरी एकसारखी वाहायची. आपली कधी धो धो, कधी थेंब थेंब. कणकुंबी-जांबोटीकडे झाड पडून वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही संपते. आणखी एक गोष्ट: फोनवर मोजून दाखवतात तो वेग बहुतेकदा आपल्याकडे उतरवून घेण्याचा, म्हणजे डाउनलोडचा असतो. तपासणीला लागतो तो पाठवण्याचा, आणि तो सहसा पुष्कळ कमी भरतो.

त्या दिवशी मी रिपोर्ट दिला नाही. मशीनमध्येच साठवलेली मूळ फाईल मागितली. ती रात्री उशिरा, लाईन मोकळी झाल्यावर आली. भिंत शाबूत होती. दुपारीच मी 'नॉर्मल' म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं, पण तो अंदाज असता. आणि कुणाच्या बाळाच्या बाबतीत मला अंदाज सांगायचा नाही. त्या घरानं एक रात्र काळजीत काढली, याचं मला वाईट वाटतं. तरी पुन्हा तसंच करीन.

म्हणून माझं मत असं, की थेट व्हिडिओ हात कुठे न्यायचा हे सांगायला उत्तम. निदान मात्र साठवलेल्या फाईलवरून व्हावं. तीच फाईल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकली तर तीही दाबून लहान केली जाते, मग मिळवलेलं सगळं गेलं. शिवाय ती घरच्यांच्या फोनमध्ये फिरायची गोष्टच नाही. आणि मुलगा की मुलगी, हे पडद्याच्या या टोकाला विचारू नका, त्या टोकालाही नको. १९९४चा कायदा दोन्हीकडे सारखाच आहे.

बहिणींनो, ही तपासणी अठराव्या आठवड्यापासून करून घ्या, बाविसाव्यापर्यंत ताणू नका. पुन्हा बघावं लागलं तर हाताशी दिवस राहतात. आशाताईंना आधी विचारून घ्या, केंद्रात वीज गेल्यावर मशीन आणि इंटरनेट दोन्ही चालतात का. तपासणी संपताना डॉक्टरांना विचारा, "हृदय नीट दिसलं का? फाईल ठेवली का?" विचारायला संकोच नको, आम्हाला राग येत नाही.

जाताना तायी कार्डाबरोबर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या कार्डाबरोबर, दुपारची भाकरीही बांधून न्या. लाईन आखडली तर थांबावं लागेल. इकडे आम्हीही थांबलेल्या असतो.

नमस्कार.